बिनओझ्याचं चालणं

केंद्रात पहिल्या दिवशी मला काट्यावर उभं केलं.
एकोणपन्नास किलो.
कांद्याच्या गोणीपेक्षा एक किलो कमी.
मार्केटात असता तर
व्यापाऱ्यानं माल परत पाठवला असता.

केळुसकर मॅडमनी दोनशे पानी वही दिली.
म्हणाल्या, हणमंतराव,
पोटात जाईल ते सगळं यात लिहायचं.
मी म्हटलं, मॅडम, माझ्या पोटाचा हिशेब
आजवर फक्त गुत्तेवाल्यानं ठेवलाय.
त्या हसल्या नाहीत.
पेन्सिलीला टोक काढत राहिल्या.

पहिलं पान: चहा. चहा. बिस्किटं दोन.
चहा.
अक्षर असं, जणू मुंग्यांनी सही केली.

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात एकोणीस वर्षं
पाठीवर गोण घेऊन पळलोय,
मला व्यायाम कोण शिकवणार?
पण सरांनी सांगितलं, हात मोकळे सोडा,
तीन टाकीपासून खाडीपर्यंत
नुसतं चालून या.
आणि जमेना.
पाठीवर काही नाही तर उचलायचं कशासाठी,
हे पायांना कळेना.
कोपरखैरणेच्या फुटपाथवर
वाकूनच चालायचो,
नसलेल्या गोणीखाली.

तळपायालाही मुंग्या.
मॅडम म्हणाल्या, दारूनं आतलं सत्त्व खरवडून नेलंय,
आता हळूहळू भरायचं.
मोड आलेले मूग, अंडं, शेंगदाणे, नाचणी.
नाचणी ऐकून मला हसू फुटलं.
पाटणच्या डोंगरात आई तीच थापायची.
ती काळी भाकर नको म्हणून इकडं पळून आलो,
आणि इथं तीच चिठ्ठीवर,
गोळीसारखी, सकाळ-संध्याकाळ.

संध्याकाळी साडेसहाला ती येते.
घशातून येते असं लोकांना वाटतं.
पोटातून येते.
मॅडमचं म्हणणं, आधी विचारा, तू भूक तर नाहीस ना?
मूठभर दाणे, गुळाचा खडा,
आणि वीस मिनिटं घड्याळाकडं बघत बसा.
निम्म्या वेळा ती भूकच निघते,
गप उठून जाते.
निम्म्या वेळा बसून राहते,
माझ्याबरोबर दाणे खाते.

एक्केचाळिसाव्या पानानंतर चार पानं कोरी आहेत.
ती मी फाडणार होतो.
मॅडमनी वही उलटीसुलटी केली,
आवाज चढवला नाही,
एवढंच विचारलं,
त्या दिवशी दुपारी जेवला होता?
नव्हतो.
मुकादमाशी वाजलं होतं.
उज्वलानं दिलेला डबा
तसाच, झाकण न उघडता, घरी परत गेला होता.
तो डबा तिनं रात्री कसा उघडला असेल,
हे मी कोऱ्या पानांवर लिहिलेलं नाही.

रविवारी आम्हा सातजणांना नेरूळच्या खाडीकडं नेलं.
पाण्यात रोहित पक्षी. हजारभर तरी. गुलाबी.
आमच्यातला सगळ्यात बारका प्रणित,
वय बावीस, खोकल्याच्या औषधाच्या बाटल्यांतून बाहेर आलेला,
म्हणाला, काका, हे जन्माला येतात करडे.
मग?
चिखलातलं शेवाळ, किडे खाऊन रंग चढतो.
किती दिवसांत?
दोन-तीन वर्षं जातात.
पुढं कुणी बोललं नाही.
पक्षी मान खाली घालून खात होते.
खातच होते.
एकाचाही आमच्याकडं बघायला वेळ नव्हता.
परतताना प्रणितनं खिशातून केळं काढलं,
अर्धं मला दिलं.

त्या दिवशीचं पान:
भाकरी दीड. मेथी. ताक. केळं अर्धं.
चाललो, तासभर.
पाठीवर काही नाही.

घरी आलो तर उज्वलानं विचारलं, भूक लागली?
मी लगेच बोललो नाही.
दारातच उभा राहून
पोटाला विचारून घेतलं.
मग हो म्हटलं.